चौथं अंडं वाकडं

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला मिनलनं खवल्या मांजराच्या शेपटीवर टॉर्च मारला आणि मला विचारलं, "काका, हे तुम्ही केलंय का?"

आमच्या म्युझियममध्ये काहीही वाकडं दिसलं की पहिला प्रश्न मलाच. त्यात तिची चूक नाही. मी भीमराज, वय त्रेपन्न. एकवीस वर्षं पिंपरीत एका कंपनीच्या पॅटर्न शॉपला, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करण्यात काढली. कंपनीला कुलूप लागलं तसं गणपती मंडळांचे देखावे करायला लागलो, आणि आता नऊ वर्षं चिंचवडच्या ह्या ट्रस्टच्या म्युझियममध्ये देखावेच करतो. मिनल इथली क्युरेटर, ती डायोरामा म्हणते. काचेची मोठी पेटी, मागं रंगवलेलं आभाळ, पुढं गवत-दगड, मधे भुसा भरलेलं जनावर. गणपतीसारखंच, फक्त आरती नाही.

आणि प्रत्येक पेटीत मी एक चूक लपवून ठेवलेली आहे. पहिल्या पेटीत शेकरू फळं खातंय, त्या फळांत एक क्रीमरोल आहे. दुसरीत खेकड्यांच्या घोळक्यात एक लोखंडी नट बसलाय. तिसरीत बगळ्याच्या पायाला कंपनीचा गेटपास. सहा पेट्या, सहा चुका. शाळेची पोरं येतात, काचेला नाकं लावतात, सहाही सापडल्या की चिक्की. मिनल त्याचे कागद छापते. एकच नियम, ट्रस्टचे सेक्रेटरी दौलतराव यांना कळता कामा नये. त्यांच्या लेखी म्युझियम म्हणजे देऊळ. देवळात क्रीमरोल चालत नाही.

चौथी पेटी म्हणजे चाकणजवळच्या निघोज्याचा माळ, कंपन्या यायच्या आधीचा. एक वारूळ, त्याच्याशी खवल्या मांजर, आणि बाजूला जमिनीवर चार अंडी घेऊन बसलेली टिटवी. हल्ली ह्याच पेटीवर पोरांची गाडी अडत होती. आळंदीच्या एका शाळेला तर चूक सापडलीच नाही. मी मनात म्हणालो, आजकालची पोरं, मोबाईलनं डोळे गेले.

"मी नाही केलं," मी मिनलला म्हणालो.

"काका, आज नको ना. चार वाजता फॉरेस्टचे साहेब तपासणीला येतायत."

"मिनल, खरंच नाही."

तिचं हसू गेलं. मी वाकून बघितलं. शेपटीची भिंतीकडची बाजू, म्हणजे काचेतून दिसत नाही ती. तिथले पाच खवले गायब होते. ओढून काढलेले, ओळीनं.

हे जनावर मरून पन्नास वर्षं झाली, तरी कायद्याच्या हिशोबानं ते जिवंतापेक्षा जिवंत. त्याची नोंद वनखात्यात आहे. त्याचा खवला गेला म्हणजे शिकारीसारखीच केस, आणि कुणीतरी आत.

तेवढ्यात दौलतराव केबिनमधून फोनवर बोलत बाहेर आले. वाकडला एकविसाव्या मजल्यावर राहतात, चाकणला गाड्यांच्या प्लॅस्टिक पार्टचं युनिट आहे, शर्टाला कधी सुरकुती नाही. "हो, अकरा दिवस झाले, एकही नाही. छान. ठेवतो, तनुजा." फोन खिशात घालता घालता त्यांनी शेपटी बघितली.

मग म्हणाले, "ह्या पेटीत आत झाडायला कोण जातं?"

सुमनताई ब्रश घेऊन मागंच उभ्या होत्या.

२

सुमनताई हाऊसकीपिंगला. सात वर्षं ठेकेदाराकडून. एक तारखेपासून ट्रस्टच्या पगारपत्रकावर त्यांचं नाव चढायचं होतं, पेढे मला आधीच मिळाले होते.

दौलतरावांनी केबिनमध्ये बसून पत्र टाईप करायला घेतलं. वनखात्याच्या साहेबांना, चार वाजता हातात द्यायला. संशयित म्हणून एकच नाव.

"सर, आधी चौकशी तरी करू," मिनल म्हणाली.

"मिनल, पेटीच्या मागच्या दाराच्या किल्ल्या तीन. एक त्यांच्याकडे, एक इलेक्ट्रिशियन माऊलीकडे, एक माझ्या ड्रॉवरमध्ये, ती तुम्ही नेता. माऊली वरचे दिवे बघतो, खाली उतरत नाही. रोज आत कोण जातं? हाऊसकीपिंगच्या माणसांचं असंच असतं."

"असंच म्हणजे कसं असतं, साहेब?" सुमनताईंनी शांतपणे विचारलं.

दौलतरावांनी स्क्रीनवरून नजर काढली नाही.

सुमनताईंनी पर्स टेबलावर उलटी केली. बसचा पास, चष्मा, डोकेदुखीची गोळी. मग डबा उघडला. दोन भाकरी, मेथी, वर मिरचीचा ठेचा. "घ्या, भाकरीखाली पण बघा. त्या बिबट्याच्या मिशा सात वर्षं मी पुसते. मागच्या वर्षी एक मिशी गळून पडली, कागदात गुंडाळून मॅडमच्या हातात दिली. आठवतंय ना मॅडम?"

"रजिस्टरला नोंद आहे," मिनल म्हणाली.

बाहेर पॅसेजमध्ये त्यांनी मला गाठलं. आवाज अजून शांतच, पण ब्रशचा दांडा दोन्ही हातांनी धरलेला. "भीमाभाऊ, तुमची गंमत असेल तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही. माझा पोरगा पोलीस भरतीला बसलाय. आईवर केस झाली तर त्याचं काय, ते तुम्हाला सांगायला नको."

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण गंमत केली असती तर किती बरं झालं असतं.

"गंमत नाही, ताई. चारच्या आत शोधतो."

गंमत नव्हतीच. पण त्या शेपटीबद्दल एक गोष्ट मला माहीत होती, जी दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. ती सांगितली असती तर सुमनताई तिथल्या तिथं सुटल्या असत्या. आणि माझी नोकरी गेली असती, बहुतेक मिनलचीही. मी गप्प बसलो. म्हटलं, चोर सापडला की सांगायची गरजच पडणार नाही.

घड्याळात साडेअकरा झाले होते.

३

मिनल दर एक तारखेला प्रत्येक पेटीचा मागून-पुढून फोटो काढते. मी तिच्या टेबलावर बसलो. एका बाजूला एक तारखेचा फोटो, दुसऱ्या बाजूला आजचा.

"फरक ओळखा," मी म्हणालो. "माझाच खेळ माझ्यावर उलटला."

एक तारखेला शेपटी पूर्ण. आज पाच खवले कमी. वारूळ तेच. गवत तेच. टिटवी तीच.

"काका," मिनल म्हणाली. "अंडं."

मी फोटो मोठा केला.

टिटवीची अंडी एका बाजूला टोकदार असतात. चारही अंड्यांची टोकं मधे, आतल्या बाजूला वळलेली, फुलाच्या पाकळ्यांसारखी. मी प्लॅस्टरची चार अंडी केली, तीन बरोबर ठेवली आणि चौथ्याचं टोक मुद्दाम बाहेर काढलं. चौथ्या पेटीतली चूक तीच. एक तारखेच्या फोटोत ते वाकडं होतं. आजच्या फोटोत चारही टोकं आत, एकदम नीट.

पोरांचे डोळे गेले नव्हते. चूकच कुणीतरी दुरुस्त केली होती.

"पोरांचे कागद काढ," मी म्हणालो.

मिनलनं गठ्ठा काढला. नऊ तारखेच्या शाळेला चौथी चूक सापडलेली. बारा तारखेच्या आळंदीच्या पोरांना नाही, त्यानंतर कुणालाच नाही.

"म्हणजे दहा किंवा अकरा तारीख," मिनल म्हणाली. "मागच्या दारातून शेपटीकडे हात न्यायचा तर तो घरट्यावरूनच जातो. पण काका, चोरी करायला आलेला माणूस अंडं कशाला सरळ करेल?"

"त्याला ते वाकडं बघवलं नसेल."

"सुमनताईंनी पुसताना केलं असेल?"

"पहिल्या दिवशीच त्यांना सांगितलंय, हे अंडं सरळ केलं तर चिक्कीचं दुकान बंद. सात वर्षं त्या त्याच्या भोवतीनं ब्रश फिरवतायत. तुलाही माहीत आहे, कागद तूच छापतेस. म्हणजे हा हात अशा माणसाचा, ज्याला माझी गंमत माहीत नाही. आणि टिटवीची अंडी कशी असतात ते मात्र पक्कं माहीत आहे."

"असं आपल्याकडे कोण आहे?"

मी वर बघितलं. छताला शिडी लावून माऊली ट्यूब बदलत होता. निघोज्याचा माऊली.

४

"माऊली, खाली ये जरा."

"व्हय भाऊ. ट्यूब टाकतो न् आलो."

माऊली अठ्ठावीसचा. चार महिन्यांपूर्वी लागला. किल्ली त्याच्याकडे, आणि पेट्यांकडे कधी मान वळवून बघत नाही, म्हणून माझ्या चुका त्याला ठाऊक नाहीत. सगळं बसत होतं. मला वाईट वाटलं, पोरगा चांगला आहे.

"निघोज्याला तुमचं रान कुठं होतं रे?"

"ओढ्याच्या वर. आता तिथं कंपनीचं पेंट शॉप हाय."

"टिटवी बघितलीस का कधी?"

"कुठली टिटवी?"

"पक्षी रे."

"ती काय वराडती ती? बघितली आसंल की."

मी खिशातून दोन प्लॅस्टरची अंडी काढून त्याच्या हातावर ठेवली. जास्तीची करून ठेवलेली असतात. "ही घरट्यात कशी ठेवशील?"

त्यानं अंडी फिरवून बघितली. एक आडवं ठेवलं, एक त्याच्या डोक्यावर उभं करायला गेला. ते पडलं. "भाऊ, आज कॅमेरा कुठं लपावलाय? रील करताय व्हय माझी?"

"तुझ्या आज्यानं कधी सांगितलं नाही? टिटवीच्या अंड्यावरून पाऊस बघतात."

"आज्या मी तिसरीत व्हतो तवाच गेला. जमीन त्याच्या आधीच गेलती. आमी कॅन्टीनच्या डब्यावर वाढलो राव." त्यानं अंडी परत दिली. "पाऊस मोबाईलवर बघतो मी."

खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्यानं अंडं अंड्यावर उभं केलं नसतं. गाव निघोजे, आणि टिटवीची अंडी त्यानं पहिल्यांदा हातात घेतली तीही माझ्या प्लॅस्टरची.

सुमनताई नाही, मिनल नाही, माऊली नाही. तीनच किल्ल्या. दोन झाल्या.

तिसरी किल्ली ड्रॉवरमध्ये होती. आणि ड्रॉवर ज्यांचा होता ते दर भाषणात सांगायचे, "मी शेत कधी बघितलंच नाही, माझं बालपण बोर्डिंगमध्ये गेलं."

सकाळचा त्यांचा फोन आठवला. अकरा दिवस झाले, एकही नाही. आज बावीस तारीख. मी बोटांवर मोजलं, आणि बोटं थांबली ती अकरावर.

५

पुरावा काय होता माझ्याकडे? एक सरळ झालेलं अंडं. ते घेऊन दौलतरावांच्या तोंडावर गेलो असतो, तर त्यांनी हसून मला घालवलं असतं. भीमराजची अजून एक गंमत. बोंबलून बोंबलून गावाला सवय लावली की खरी बोंब कुणी ऐकत नाही.

मग गंमतच करायची ठरवली. तेवढी एकच विद्या आपल्याला येते.

सव्वातीनला मी अख्खं घरटं एका थाळीत काढलं, मातीसकट. चारही अंड्यांची टोकं बाहेर वळवली आणि थाळी दौलतरावांच्या टेबलावर, त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली.

"हे काय?"

"दुरुस्तीला काढलंय सर. गोंद वाळतोय. साहेब येईपर्यंत इथं राहू द्या, बाहेर धूळ आहे."

सगळ्यांना आत बोलावलं. सुमनताई दाराशी उभ्या राहिल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. त्यांनी थाळीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि नजर फिरवली. माऊलीनं थाळीकडं बघितलंच नाही. मिनलचे हात मांडीवर घट्ट. मी विषय काढला, वाटेल तो. मागचं दार, कुलूप, पावसाचं पाणी गळतं, गोंद महाग झालाय.

दौलतराव ऐकत होते, किंवा नव्हते. पत्राची प्रिंट समोर होती, सहीची जागा मोकळी. ते डावखुरे, डाव्या हातात पेन. उजवा हात थाळीजवळ पडलेला.

"मग साहेबांना काय सांगायचं, ते ठरवू," मी म्हणालो.

त्यांचा उजवा हात हलला. अंगठा आणि दोन बोटं. पहिलं अंडं त्यांनी आत वळवलं, टोक खाली दाबून. मग दुसरं. बघत होते पत्राकडे. तिसरं. बोटं इतकी हलकी, की जनावराच्या पोटाखाली हात घातल्यासारखी.

त्यांचा हात चौथ्या अंड्यावर गेला.

"राहू द्या की सर," मी हळूच म्हणालो. "वाकडंच राहू द्या."

"टोक भायेर न्हाई ठिवायचं," दौलतराव म्हणाले. "म्हयना कोरडा जातो."

मग त्यांनी स्वतःचाच हात बघितला.

६

बोर्डिंगमध्ये वाढलेल्या माणसाच्या तोंडून त्याच्या आज्याची भाषा बाहेर आली होती, आणि ती परत आत जाईना.

"अकरा तारखेला," मी म्हणालो. "पाचच घेतले. विकणारा शेपटी अख्खी नेईल. मोजून पाच घेणारा विकायला घेत नाही."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. काळ्या दोऱ्यात काळ्या कापडाची पुडी.

"आरोहीला झटके येतात," ते म्हणाले. आरोही त्यांची नात, सात वर्षांची. "दोन वर्षं झाली. तीन डॉक्टर केले. आमची सारजाचुलती म्हणाली, खवल्या मांजराचे खवले बांध. चार खवले पलंगाच्या पायांना, एक आणणाऱ्याच्या गळ्यात. मी तिला हसलो व्हतो. मग एक दिवस पोरगी माझ्या मांडीवरच..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. "बांधल्यापासून एकही झटका न्हाई. अकरा दिवस."

"आणि त्याच्यासाठी मला जेलमध्ये घालत होतात," सुमनताई म्हणाल्या.

त्यांच्याकडं बघायची दौलतरावांची हिंमत झाली नाही. "काहीपण करा माझं. पण ते सोडायला लावू नका."

खरं सांगतो, मला वाटलं इथंच थांबावं. चोर सापडला, काम झालं. माझं गुपित माझ्यापाशी. एखाद्या म्हाताऱ्याला धीर मिळतोय तर मिळू दे. पण एक प्रश्न तोंडातून गेलाच.

"गोळ्या चालू आहेत ना तिच्या?"

त्यांनी मान खाली घातली.

"साहेब, गोळ्या?" सुमनताईंनी विचारलं.

"चुलती म्हणाली दोन्ही एकत्र चालत न्हाई. संध्याकाळची गोळी मीच देतो. खडीसाखर देतो. घरात कुणाला ठाऊक न्हाई."

मिनल उभीच राहिली. मीही उठलो.

"ती पुडी उसवा," मी म्हणालो.

"कशाला?"

"उसवा सर. तुमचंच आहे ते."

त्यांना कळलं नाही. मी टेबलावरची कात्री घेतली आणि दोरा कापला. आतून खवला पडला. वरून तपकिरी, रेषा-रेषांचा, माझ्या हाताचं चांगलं काम. मी तो उलटा केला. आतल्या बाजूला दोन बारीक इंग्रजी अक्षरं उठलेली होती, LH. आणि त्यांच्यावर लाल रंगाचा ठिपका.

चाकणच्या कुठल्याही पोराला विचारा. LH म्हणजे गाडीची डावी बाजू. लाल ठिपका म्हणजे रिजेक्ट.

"दोन हजार एकोणीसला शेपटीला कसर लागली," मी म्हणालो. "खवल्यांचा भुगा झाला. मिनल नवीन होती, तिची नोकरी जाईल म्हणून मी कुणालाच बोललो नाही. नवीन खवले केले. माल तुमच्या युनिटचा. रिजेक्ट बंपर तुम्हीच पाठवता ना आम्हाला, देखाव्यांच्या कामाला? गरम करून वाकवले. शेपटीवर खरा खवला एकही नाही, सर."

दौलतरावांनी खवला उचलला आणि लाल ठिपक्यावर नख घासलं. रंग निघाला नाही. त्यांच्या क्वालिटीवाल्यांचा रंग चांगला असतो.

"अकरा दिवस मग?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं कोण जाणे.

"नशीब," मिनल म्हणाली. "गोळी अचानक बंद करणं फार धोक्याचं आहे सर. आत्ता फोन करा."

त्यांनी सुनेला, तनुजाला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "हॅलो? बाबा?" फोन नुसता कानाला. "बाबा, बोला ना."

सुमनताई दारातून पुढं आल्या आणि त्यांनी तो फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"ताई, मी म्युझियममधून सुमन बोलते. नीट ऐका, आरडाओरडा नंतर करा. पोरीच्या गोळ्या अकरा दिवस बंद आहेत. हो, बंद. आधी डॉक्टरला फोन लावा, तिला घेऊन निघा. सासरे आहेत इथं, ठीक आहेत. त्यांना नंतर बोला."

मग फोन टेबलावर ठेवला, पत्राशेजारी. "आता हे वाचा, साहेब. मोठ्यानं. माझं नाव कुठं आहे ते."

दौलतरावांनी वाचलं. नावापाशी थांबले, खोडलं, आणि खाली स्वतःचं लिहिलं.

फॉरेस्टचे साहेब सव्वाचारला आले. मिनलनं रजिस्टर पुढं केलं, मी जबाब लिहून दिला. शेपटी बनावट, दुरुस्ती न कळवता केली, जबाबदार भीमराज. साहेबांनी आधी मिनलकडं बघितलं, तिनं मान हलवल्यावर विश्वास ठेवला. खरा खवला गेलाच नव्हता, म्हणून केस झाली नाही. नोटीस आली, ती माझ्या नावानं. माझं पुढं काय ते ट्रस्ट ठरवणार आहे. तोवर कामावर आहे.

आरोहीला त्याच संध्याकाळी झटका आला. दवाखान्यात होती म्हणून निभावलं.

सुमनताई एक तारखेला पगारपत्रकावर चढल्या. त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला साडेदहालाच माहीत होतं." मी हो म्हणालो. त्यांनी मागचं दार उघडलं, आत गेल्या आणि चौथ्या अंड्याचं टोक बाहेर काढलं.

पंधरा दिवसांनी दौलतराव आले. सेक्रेटरीपद त्यांनी सोडलं होतं. रुमालात उरलेले चार खवले होते, ते माझ्या हातात दिले. मग चौथ्या पेटीसमोर जाऊन उभे राहिले. खाली मिनलनं नवी पाटी लावली होती, शेपटी कृत्रिम. त्यांची नजर त्यावर नव्हती. त्यांनी हात उचलून काचेवर टेकवला, घरट्याच्या बरोबर समोर. बोटं जराशी वळली. मधे काच होती.

बराच वेळ उभे राहिले, मग गेले. काचेवर पाच बोटांचे ठसे राहिले.

सुमनताई फडकं घेऊन आल्या. "भीमाभाऊ, हे पुसू, का पुरावा म्हणून ठेवू?"

"पुसा, ताई."

त्यांनी जरा वेळ ठशांकडं बघितलं आणि पुसले.